स्कोअर राहिला, साहेब!

२०२५ च्या नोव्हेंबर महिन्यातील एक सकाळ. चहा झाला होता आणि वर्तमानपत्राची पाने घरात वाटली गेली होती. आमच्याकडे ही वाटणी ठरलेली आहे. पहिले पान माझे, पुरवणी सौ.ची आणि खेळाचे पान नातवाचे. त्या दिवशी मात्र खेळाचे पान सौ.च्या हातात होते आणि चष्मा कपाळावर सरकवून ती ते अगदी डोळ्यांजवळ धरून पाहत होती. पानावर एका मुलीचा फोटो होता. मुलगी खुर्चीवर बसलेली, उजवा पाय समोर उचललेला, पायाच्या बोटांत धनुष्य पकडलेले. दोन्ही हात नाहीत.

‘‘काय बाई जिद्द म्हणायची!’’ सौ. म्हणाली. ‘‘आणि आपण गुडघे दुखतात म्हणून दिवसभर कुरकुरतो.’’

मी मान डोलावली. अशा वेळी मान डोलावणे सोपे असते. तेवढ्यात अकरा वर्षांच्या नातवाने पान ओढून घेतले, फोटोकडे एक नजर टाकली आणि विचारले, ‘‘आजोबा, पण तिचे पॉइंट किती झाले?’’

मी बातमी वाचू लागलो. हात नसल्याचा उल्लेख मथळ्यात होता. पहिल्या परिच्छेदात गावाचे वर्णन, दुसऱ्यात आईवडिलांचे कष्ट, तिसऱ्यात पुन्हा हात. गुण होते, पण बातमीच्या शेपटाला, जागा उरली म्हणून टाकल्यासारखे. ते वाचून दाखवताना मला छत्तीस वर्षांपूर्वीचा एक माणूस आठवला आणि सकाळचा चहा मला जरा कडवट लागला. त्या माणसाविषयी सांगतो, पण आधी त्या मुलीविषयी.

शीतल देवी तिचे नाव. जम्मू-काश्मीरमधील किश्तवाड जिल्ह्यातील लोईधार गावची, जन्म २००७ चा. फोकोमेलिया नावाच्या दुर्मीळ जन्मजात व्याधीमुळे तिला हात नाहीत. उजव्या पायाने धनुष्य पेलायचे, उजव्या खांद्याने दोरी ताणायची आणि जबड्याच्या हालचालीने बाण सोडायचा, असे तिचे तंत्र. २०२३ साली हांगझोच्या आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेत तिने दोन सुवर्णपदके आणि एक रौप्यपदक मिळवले. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये राकेशकुमारच्या जोडीने मिश्र सांघिक कांस्यपदक, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील ग्वांगजू येथे पॅरा तिरंदाजीचे जागतिक विजेतेपद.

नोव्हेंबरातली बातमी मात्र याहून वेगळी होती. सोनिपतच्या निवड चाचणीत ती धडधाकट मुलींच्या रांगेत उतरली. कंपाउंड प्रकारात तेजल साळवे १५.७५ गुणांनी पहिली, वैदेही जाधव १५ गुणांनी दुसरी आणि शीतल ११.७५ गुणांनी तिसरी. चौथी आली महाराष्ट्राची ज्ञानेश्वरी गदाधे. तिचे गुण ११.५. फरक पाव गुणाचा. त्या पाव गुणावर शीतल जेद्दा येथील आशिया कपसाठी भारताच्या सर्वसाधारण कनिष्ठ संघात निवडली गेली. पाव गुण म्हणजे किती हे ज्याने कधी काळी वर्गात दुसरा नंबर पाव गुणाने घालवला आहे त्याला विचारा. त्या पाव गुणात थरार होता, पण आम्ही फोटो पाहिला आणि हळहळलो.

*

आता तो माणूस. १९८९ साली मी पुण्यात एका बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. आमच्याकडे एक कॅशियर होते. नाव लिहीत नाही, कारण शेवटी कळेल. लहानपणी डाव्या पायाला पोलिओ झालेला, पायात कॅलिपर. सकाळी फरशीवर लोखंडाचा खट् खट् आवाज आला की रांगेतले पेन्शनर म्हणत, ‘‘चला, कॅश उघडली.’’ नोटा मोजण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या शाखेत कोणी नव्हता.

हे गृहस्थ टेबल टेनिस खेळत. शाखेच्या वरच्या मजल्यावर रिक्रिएशन क्लबचे एक जुने टेबल होते. जेवणाच्या सुटीत डबा दहा मिनिटांत संपवून ते वर जात. त्यांचा खेळ पाहण्यासारखा होता. टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात ते उभे राहत आणि तिथून फारसे हलत नसत. बॅटच्या एका बाजूला लाँग पिंपलचे रबर. समोरच्याने जितकी जोरात फिरकी द्यावी तितकी ती उलटी होऊन त्याच्याच अंगावर येई. हल्ला करून करून माणूस दमे आणि चुके. त्यांचे दुखणे एकच. उजवीकडे नेटजवळ कोणी अलगद ड्रॉप टाकला तर तिथवर पोचायचे कसे? टेबलावर मोकळा हात टेकून झेपावता येत नाही. हात टेबलाला लागला की पॉइंट जातो, असा नियमच आहे. म्हणून त्यांनी चांगल्या पायावर सगळे वजन टाकून एका बाजूला कोसळायचे आणि त्याच हिसक्यात सावरायचे, असे काही तरी स्वतःच शोधून काढले होते. शिवाय सर्व्हिस अशा जागी टाकायची की समोरच्याला उजवीकडे ड्रॉप टाकायला कोनच मिळू नये. हे सगळे मला तेव्हा दिसत होते. पण हेच लिहायचे असते, हे तेव्हा उमगले नव्हते.

त्या वर्षी इंटर-बँक स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात त्यांनी आदल्या वर्षीच्या विजेत्याला हरवले. गेम तेव्हा एकवीसचा असे. तिसऱ्या गेममध्ये वीस-वीस झाले, तेव्हा हॉलमध्ये कोणी खोकतही नव्हते.

मी तेव्हा दोन-चार कथा छापून आल्यामुळे ‘आमचे साहित्यिक’ या पदवीला पोचलो होतो. साहजिकच बँकेच्या गृहपत्रिकेसाठी लेख लिहायचे काम माझ्याकडे आले. मी लिहिला. ‘लोखंडी पाय, पोलादी मन’ असे शीर्षक दिले. आई त्यांना कडेवर घेऊन शाळेत कशी नेई, मुले कशी चिडवत, रात्री कॅलिपर काढल्यावर पायावर वळ कसे दिसतात, सगळे लिहिले. लिहिताना माझेच डोळे पाणावले. लेख खूप गाजला. विभागीय कार्यालयातून पत्र आले. शाल-श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार झाला आणि सत्कारात माझ्या लेखणीचेही कौतुक झाले.

तिसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी आले. हातात गृहपत्रिका.

‘‘लेख छान झालाय, साहेब. पण स्कोअर राहिला.’’

मी हसलो. ‘‘अहो, स्कोअरचं काय एवढं?’’

ते हसले नाहीत. म्हणाले, ‘‘आकडा नसलेलं व्हाउचर मी पास करत नाही, साहेब.’’ आणि खट् खट् करीत केबिनमध्ये निघून गेले.

पुढच्या वर्षी ते पुन्हा स्पर्धेत उतरले. पहिल्या दोन फेऱ्या सरळ गेममध्ये जिंकले आणि तिसऱ्या फेरीच्या आधी नाव मागे घेतले. मी कारण विचारले.

‘‘आता मला कोणी उजवीकडे ड्रॉप टाकत नाही, साहेब.’’

‘‘मग चांगलंच की!’’

‘‘चांगलं कसं? मला हरवायलाच कोणी येत नाही. सगळे तुमचा लेख वाचून येतात.’’

त्यानंतर ते कुठल्याही स्पर्धेत खेळले नाहीत. हा माझ्या लेखणीचा पराक्रम.

*

माध्यमांना दोष देणारे लेख लिहिणे सोपे असते, म्हणून आधी माझा दोष नोंदवला. आता थोडे मागे जाऊ.

१९७१ च्या ऑगस्टमध्ये मी बारा वर्षांचा होतो. आमच्या वाड्यात रेडिओ एकच आणि त्याभोवती सगळे बिऱ्हाडकरू. ओव्हलवर चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले, इंग्लंडचा डाव १०१ धावांत संपला आणि अजित वाडेकरच्या संघाने इंग्लंडमध्ये पहिला कसोटी विजय आणि त्याबरोबर मालिकाही जिंकली. ‘३८ धावांत ६’ हे आकडे आम्हा पोरांना पाढ्यासारखे पाठ झाले. अंगणात जो तो चंद्रशेखरसारखा हात गरागरा फिरवू लागला. तो हात पोलिओने कृश झाला होता, हे मला पुढे खूप दिवसांनी कळले, तेही एका काकांकडून. मी विचारले होते, ‘‘चंद्रशेखर उजव्या हाताने बॉलिंग टाकतो, मग चेंडू डाव्या हाताने का फेकतो?’’ त्यांनी कारण सांगितले. मी ‘‘हो का?’’ म्हटले आणि पुन्हा खेळायला गेलो. ५८ कसोटींत २४२ बळी घेणाऱ्या माणसाची ओळख मला अशा क्रमाने झाली. आधी आकडे, मग गुगली आणि सर्वांत शेवटी पोलिओ.

मन्सूर अली खान पतौडींचेही तसेच. १ जुलै १९६१ रोजी इंग्लंडमध्ये मोटार अपघातात उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते पहिली कसोटी खेळले, आणि १९६२ मध्ये वयाच्या एकविसाव्या वर्षी भारताचे कर्णधार झाले. एका डोळ्याने वेगवान चेंडूची लांबी कशी जोखत असतील, याचे नवल लोकांना होतेच. पण त्यांनी झेल सोडला किंवा नाणेफेक जिंकून चुकीचा निर्णय घेतला, तर त्यांच्यावर टीकाही तितकीच होई. डोळ्याकडे पाहून कोणी सूट देत नसे. त्या टीकेत मान होता, असे आज वाटते.

मग त्या काळची वर्तमानपत्रे फार शहाणी होती का? तसेही नाही. ओव्हलच्या विजयानंतर बरोबर एका वर्षाने, १९७२ मध्ये, जर्मनीतील हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. मराठी माणूस, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेला जवान, वेळ ३७.३३ सेकंद, विश्वविक्रम, भारताचे पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्ण. आमच्या वाड्यात त्याचा कोणाला पत्ता नव्हता. पद्मश्री मिळायला २०१८ साल उजाडले आणि घराघरांत नाव पोचले ते २०२४ च्या ‘चंदू चॅम्पियन’ या हिंदी चित्रपटाने. चंद्रशेखरचे अपंगत्व दिसले नाही, कारण तो साऱ्यांच्या खेळात होता. पेटकरांचा खेळ दिसला नाही, कारण ते वेगळ्या स्पर्धेत होते. म्हणजे तेव्हाही आमचे खाते बरोबर नव्हतेच, फक्त चूक दुसऱ्या बाजूला होती. तेव्हा मौन होते, आज गहिवर आहे.

*

धडधाकटांच्या स्पर्धेत उतरलेल्या अपंग खेळाडूंकडे जगाने कसे पाहिले, याचा हिशेब मांडला तर एक चमत्कारिक नियम दिसतो. तो समजण्यासाठी चार नावे पुरेत.

दक्षिण आफ्रिकेची नताली दू त्वा. २००१ मध्ये स्कूटर अपघातात तिचा डावा पाय गेला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ती दहा किलोमीटर खुल्या पाण्यातील शर्यत पोहली आणि सोळावी आली. सगळ्या जगाने तिचे कौतुक केले.

पोलंडची नतालिया पार्तिका, आमच्या कॅशियरच्या खेळातली. उजवा हात कोपराखाली जन्मतःच नाही. २००८ पासून २०२० च्या टोकियोपर्यंत सलग चार ऑलिंपिक आणि त्याच वर्षांची पॅरालिंपिकही ती खेळली. सर्व्हिस करताना ती चेंडू उजव्या कोपराच्या बेचक्यात ठेवून उडवते. आता टेबल टेनिसचा नियम असा की चेंडू उघड्या तळहातावर ठेवून उडवावा. मग तिचे काय? नियमपुस्तकात त्यासाठी एक वाक्य आहे. शारीरिक अपंगत्वामुळे नियमाप्रमाणे सर्व्हिस करणे शक्य नाही अशी पंचाची खात्री झाली, तर पंच अटी शिथिल करू शकतात. बस्स, एवढेच. आम्हाला चार रकाने आणि दोन हुंदके लागतात, ते काम नियमपुस्तक एका वाक्यात उरकते आणि म्हणते, चला, खेळ सुरू करा.

तिसरा ऑस्कर पिस्टोरियस. अकरा महिन्यांचा असताना दोन्ही पाय गुडघ्याखाली कापावे लागले. कार्बनच्या पात्यांवर धावणारा हा तरुण जगभरच्या माध्यमांचा लाडका झाला. पात्यांमुळे त्याला फायदा मिळतो म्हणून जानेवारी २००८ मध्ये जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने त्याच्यावर बंदी घातली. मे महिन्यात क्रीडा लवादाने ती उठवली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो ४०० मीटरच्या उपांत्य फेरीपर्यंत पोचला आणि तिथे शेवटचा आला. तरीही त्या दिवशीचा नायक तोच. पुढच्याच महिन्यात पॅरालिंपिकच्या २०० मीटरमध्ये ब्राझीलच्या अॅलन ऑलिव्हेराने त्याला मागे टाकले, तेव्हा त्याने तक्रार केली की प्रतिस्पर्ध्याची पाती जास्त लांब आहेत. देवमाणूस म्हणून ज्याची मूर्ती घडवली, तो हरल्यावर चारचौघांसारखा चिडला. वास्तविक खेळाडू चिडतात, त्यात नवल ते काय? पण जगाला धक्का बसला. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याने घरात आपल्या मैत्रिणीला, रीवा स्टीनकॅम्पला, गोळ्या घालून ठार केले. पुढे खुनाचा गुन्हा शाबित झाला. त्या वेळी ‘असा माणूस असे कसे करू शकतो?’ हा प्रश्न ज्याने त्याने विचारला. त्या प्रश्नातच आमची चूक होती. पाय नसलेला माणूस आपोआप थोर असतो, ही समजूत आम्हीच करून घेतली होती. धावण्याची वेळ लिहायची सोडून आम्ही त्याला चारित्र्याचा दाखला लिहून दिला होता.

चौथा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, जर्मनीचा मार्कुस रेम. उजवा पाय गुडघ्याखाली नाही. लांब उडी मारतो. जुलै २०१४ मध्ये जर्मनीच्या राष्ट्रीय स्पर्धेत धडधाकट खेळाडूंविरुद्ध त्याने ८.२४ मीटर उडी मारून विजेतेपद मिळवले. आणि लगेच युरोपियन स्पर्धेच्या जर्मन संघातून त्याला वगळण्यात आले. पात्यामुळे उडीला उसळी मिळते, अशी शंका आली. पुढे नियम झाला की फायदा मिळत नाही हे खेळाडूनेच सिद्ध करावे. २०२० मध्ये ब्लेक लीपर या अमेरिकन धावपटूच्या प्रकरणात लवादाने सिद्ध करण्याचा हा भार खेळाडूवर टाकणे अयोग्य ठरवले, लीपरला मात्र प्रवेश मिळाला नाही. रेम २०२३ मध्ये ८.७२ मीटरपर्यंत पोचला. टोकियो ऑलिंपिकचे सुवर्ण ८.४१ मीटरला गेले होते. तरी ऑलिंपिकची उडी त्याच्या नशिबी आली नाही.

मला इथे शंका घेणाऱ्यांची टिंगल करायची नाही. चंद्रशेखरचा हात कृश असल्यामुळेच त्याच्या चेंडूला तसला झटका मिळतो, असे त्या काळीही बोलले जाई. पण तो हात त्याचा स्वतःचा होता. कार्बनचे पाते कारखान्यात तयार होते. त्याची लांबी, त्याचा ताठपणा ठरवता येतो. तेव्हा मोजमाप व्हायला हवे, हे मान्य. पण प्रश्न दुसराच आहे. सोळाव्या आलेल्या नतालीसाठी टाळ्या, शेवटी आलेल्या पिस्टोरियससाठी टाळ्या, आणि पहिल्या आलेल्या रेमसाठी चौकशी. हरेपर्यंत कौतुक, जिंकताक्षणी शंका! आमचे कौतुक खरोखर खेळाचे असते, तर ते निकालाबरोबर वाढले असते. ते निकालाबरोबर आटते, याचा अर्थ ते खेळाचे नसते. ते आमच्या मनाच्या सोयीचे असते. हरणाऱ्या जिद्दीकडे पाहून आपल्याला बरे वाटते. जिंकणारी जिद्द आपली जागा मागते.

*

इथे कोणी म्हणेल, ‘‘काय हो, चांगल्या गोष्टीतही खोट काढता! त्या बातम्यांमुळे चार लोकांना प्रेरणा मिळते, प्रायोजक मिळतात, सरकार जागे होते.’’ खरे आहे. पॅरिसच्या २०२४ च्या पॅरालिंपिकमध्ये भारताने २९ पदके मिळवली, त्यातील ७ सुवर्ण. आपल्या सांगली जिल्ह्यातील सचिन खिलारी यांनी गोळाफेकीत १६.३२ मीटरची फेक करून रौप्य मिळवले. पेटकरांच्या काळी ज्यांना कोणी ओळखत नव्हते, त्यांच्या स्वागताला आज ढोल-ताशे असतात, ही लहान गोष्ट नाही. किश्तवाडच्या मुलीचा फोटो पाहून एखाद्या खेड्यातली आई आपल्या लेकराला घराच्या मागच्या खोलीतून बाहेर आणत असेल, तर ज्याने तो छापला त्याचे हात धरून आभार मानले पाहिजेत.

पण प्रेरणा कोणाला आणि किंमत कोणाची? माझ्या लेखाने विभागीय कार्यालयाला प्रेरणा मिळाली आणि एका माणसाचा खेळ सुटला. आपण शब्दही बदलून पाहिले. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला फॉर्मवर ‘अपंग’ असे, मग ‘विकलांग’ आले आणि २०१५ नंतर ‘दिव्यांग’. १९९५ च्या कायद्यात नोकरीतील राखीव जागा तीन टक्के होत्या, २०१६ च्या कायद्याने त्या चार टक्के केल्या. कायद्यातल्या टक्केवारीने माणूस टेबलाच्या या बाजूला येतो, हे मी स्वतः पाहिले आहे. नव्या शब्दाने मात्र बातमीचा क्रम बदललेला मला दिसला नाही. शब्दात ‘दिव्य’ आले, म्हणून तर चमत्काराची अपेक्षा आणखी वाढली.

पॅरिसमधलीच एक गोष्ट पाहा. शीतलने पायाने बाण सोडला आणि तो बरोबर मध्यबिंदूत घुसला, ही काही सेकंदांची चित्रफीत जगभर फिरली. माझ्या फोनवर ती कमीत कमी सात जणांनी पाठवली, सोबत हात जोडल्याची चित्रे. तो सामना चिलीच्या मारियाना झुनिगाविरुद्धचा होता आणि शीतल तो १३७-१३८ असा एका गुणाने हरली. पाठवणाऱ्या सातांपैकी एकालाही हे माहीत नव्हते. एक बाण पाहिला आणि जग भरून पावले. सतरा वर्षांची ती मुलगी एका गुणाने बाहेर पडल्यावर मैदानाबाहेर काय विचार करत असेल, पुढच्या वर्षी ग्वांगजूला सुवर्ण मिळवण्यासाठी तिने आपल्या तंत्रात काय सुधारले असेल, हे विचारायला त्या सात जणांपैकी कोणी थांबले नाही. खेळाडूचे आयुष्य तर त्या एका गुणातच असते.

आणि ती ज्ञानेश्वरी? पाव गुणाने संघाबाहेर राहिलेली. शीतलची निवड हा ‘चमत्कार’ म्हणून छापला, तर ज्ञानेश्वरीचे काय होते? चमत्कारापुढे कोण हरतो? एक तर ती बिचारी ठरते, नाही तर चहाच्या टपरीवर कुजबुज सुरू होते की मुद्दामच घेतले असेल त्या मुलीला. ११.७५ विरुद्ध ११.५ असे ठळक छापले की दोन्ही मुली ताठ उभ्या राहतात. एक पाव गुणाने जिंकली, एक पाव गुणाने हरली. पुढच्या चाचणीत उलटेही होऊ शकेल. स्कोअर ही सर्वांत समान वागणूक देणारी गोष्ट आहे. कॅश काउंटरसारखी. तिथे नोट कोणाच्या हातातून आली याला महत्त्व नसते, नोट खरी आहे की नाही याला असते.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंड तिरंदाजी मिश्र सांघिक प्रकारात प्रथमच येत आहे. म्हणजे आजवर या धनुष्याच्या मुलींना ऑलिंपिकचे जे दार बंद होते ते किलकिले झाले आहे. त्या एका जागेसाठी देशातल्या सगळ्या मुली झगडतील, त्यात कदाचित शीतलही असेल. ती निवडली जाईल किंवा जाणार नाही. निवडली गेली नाही तर ‘स्वप्नभंग’ म्हणून गळा काढू नये आणि निवडली गेली तर देव्हाऱ्यात बसवू नये. तिचा नेम कुठे चुकतो, वाऱ्यात तिचा बाण कसा वागतो, हे सांगणारा एखादा वार्ताहर मिळाला, तर मी त्याच्यासाठी वर्तमानपत्राचे दोन रुपये जास्त देईन. आणि ती वाईट खेळली तर तसेही लिहावे. पतौडींना आपण ती इज्जत दिली होती.

*

हा लेख लिहायला घेतला, तेव्हा दोन दिवस घालमेल झाली आणि शेवटी मी त्या कॅशियरना फोन लावला. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, आता गावी असतात. आवाज तोच. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणालो, ‘‘तुमच्या त्या मॅचबद्दल लिहितोय. चालेल ना?’’

क्षणभर ते गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘लिहा की. पण नाव नको, साहेब. स्कोअर छापा.’’

‘‘आठवतोय मला. एकवीस-अठरा, सतरा-एकवीस...’’

‘‘सोळा,’’ त्यांनी मला मध्येच तोडले. ‘‘दुसरा गेम सोळावर गेला होता. त्याने मला सलग चार ड्रॉप टाकले होते उजवीकडे. काय खेळत होता तो पोरगा!’’

छत्तीस वर्षांनी त्यांच्या आवाजात आनंद होता तो त्या चार ड्रॉपचा, त्यांना हरवायला खरोखर कोणी तरी आले होते याचा. माझ्या लेखाबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही विचारले नाही.

तेव्हा राहिलेली नोंद आज करतो. इंटर-बँक टेबल टेनिस स्पर्धा, १९८९, उपांत्य सामना. आमच्या शाखेचे हेड कॅशियर विजयी, २१-१८, १६-२१, २२-२०.